आधी भिंत, मग रायफल: घरी नेमबाजीचा सराव कसा लावावा

रायफलीच्या दुकानात जाण्याआधी घरात टेप लावून बघा. १० मीटर एअर रायफल या प्रकारात नेमबाजाच्या पायापुढची रेष आणि टार्गेट यांच्यात बरोबर १० मीटर असतात, म्हणजे जवळजवळ तेहतीस फूट. शहरातल्या फ्लॅटमध्ये एवढं सरळ अंतर क्वचितच निघतं. माझ्याकडे स्वयंपाकघराच्या ओट्यापासून बेडरूमच्या कपाटापर्यंत, मधली दोन्ही दारं उघडी ठेवून, साडेसात मीटर निघाले. तेही फ्रिज अर्धा फूट सरकवल्यावर. गावाकडच्या जुन्या घरात सोप्यापासून परड्याच्या दारापर्यंत सहज १० मीटर मिळतात, पण तिथे माणसांची ये-जा थांबवणं हे वेगळंच काम. अभिनव बिंद्राला चंडीगडजवळ झिरकपूरला वडिलांनी घरीच नेमबाजीची रेंज बांधून दिली होती. आपण फ्रिज सरकवायचा.

अंतर कमी निघालं म्हणून खट्टू होऊ नका. घरच्या सरावाचा मोठा भाग छर्रा न उडवता होतो आणि त्याला तीन मीटरही पुरतात. अंतर कमी असलं तरी चालतं, पण समोरची भिंत चुकीची असून चालत नाही.

जागा ठरवताना

टार्गेटच्या मागे पक्की, आंधळी भिंत हवी. खिडकी नको, दार नको, शेजाऱ्यांच्या घराची पातळ पार्टिशनही नको. तुमच्या आणि टार्गेटच्या मधल्या पट्ट्यात उघडणारं एकही दार असता कामा नये. असलंच तर सरावाच्या वेळी त्याला आतून कडी घालायची, नुसतं लोटून ठेवायचं नाही. बाथरूमचं दार बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आत कोणी आहे का ते आधी बघा.

गच्ची, गॅलरी, सोसायटीची मोकळी जागा, बिल्डिंगमागची गल्ली, या सगळ्या जागा बाद. मॅचच्या रायफलीचा छर्रा १० मीटरवर कागद फोडून थांबत नाही. अडवणारं काही नसेल तर तो शंभर मीटरच्या पुढेही जातो. पक्ष्यांवर नेम धरून बघायची हौस असेल तर हा लेख इथेच बंद करा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो एअर गनलाही लागू आहे.

शेजाऱ्यांना एकदा सांगून ठेवा. स्प्रिंगच्या रायफलीचा ‘टण्ण’ असा आवाज वरच्या-खालच्या मजल्यावर जातो, आणि दुपारी तीन वाजता तो कशाचा आहे हे माहीत नसलेला माणूस वाईटच काहीतरी समजतो. त्यांना घरी बोलवून टार्गेट दाखवा, चहा द्या.

छर्रा अडवायची पेटी

यावर मी सुरुवातीला पैसे वाचवले आणि त्याची फळं भोगली. एक जाड प्लायवुडचा तुकडा भिंतीला टेकवला, त्यावर टार्गेट चिकटवलं आणि स्प्रिंगच्या रायफलीने सुरुवात केली. चौथा की पाचवा छर्रा प्लायवर आपटून सरळ परत आला आणि नडगीवर बसला. लागलं फारसं नाही, पण तोच दीड मीटर वर आला असता तर डोळा होता. त्या दिवसापासून चष्मा घातल्याशिवाय रायफल उचलत नाही. नंबरचा असेल तर तो, नसेल तर वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडिंगसाठी मिळतो तसला पारदर्शक गॉगल.

चांगली पेटी म्हणजे लोखंडी पत्र्याचा डबा, ज्याच्या आतली मागची पट्टी तिरकी असते. छर्रा तिच्यावर आपटून खाली वळतो आणि तळाला साठतो. तयार मिळते. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायची असेल तर आतली पट्टी ३ मिमीची सांगा. लोखंडी काम नको असेल तर खोल लाकडी खोकं घ्या, त्यात जुने कपडे आणि रद्दीचे गठ्ठे गच्च दाबून भरा, मागे प्लायचा तुकडा ठेवा. हे खोकं दर आठवड्याला उघडून बघावं लागतं, कारण एकाच जागी छर्रे बसून बोगदा तयार होतो. पेटी कुठलीही असो, तिच्यामागे आणि बाजूला, भिंतीवर, निदान तीन बाय तीन फुटांचा प्लाय लावून त्यावर जुनी सतरंजी किंवा घोंगडं सैल लटकवा. नवशिक्याचा छर्रा पेटीही चुकवतो. तसं होणार नाही असं सगळ्यांनाच वाटतं.

टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर येऊ द्या. स्पर्धेतही तेवढाच असतो, पाच सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतात. टार्गेटवर स्वतंत्र दिवा हवा. रेंजवर तिथे किमान १५०० लक्स उजेड ठेवतात. घरी एक एलईडी स्पॉट पुढून तिरका मारला की काम होतं. तुमच्या डोळ्यात त्याचा झोत येऊ देऊ नका, आणि तुम्ही उभे राहता तिथला दिवाही चालू ठेवा. अंधारात उभं राहून उजळ टार्गेट बघत बसलात तर डोळे लवकर थकतात.

रायफल कोणती

दोन वाटा आहेत. पहिली स्प्रिंगची. नळी मोडून कॉक करायची, छर्रा घालायचा, परत मिटवायची. स्वस्त, भारतातच बनते, हवा भरायची भानगड नाही. पण आतला पिस्टन धावतो तेव्हा छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलते. म्हणून ती आवळून धरायची नाही. तळहातावर नुसती ठेवायची आणि दरवेळी त्याच जागी ठेवायची. छर्रा घालताना एका हाताने नळी धरून ठेवाच. ती निसटून मिटली तर अंगठ्याचं नख जातं.

दुसरी दाबाखालच्या हवेची, जिला सगळे पीसीपी म्हणतात. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अँशुट्झ, स्टायर ही नावं रेंजवर ऐकाल. तिच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात, झटका जवळजवळ नाही, आणि किंमत लाखांत. सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते. वापरलेली रायफल घेताना सगळ्यात आधी ती वाचा. त्यात फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. ऑक्सिजन कधीही नाही. त्याने स्फोट होतो.

मॅचची रायफल जास्तीत जास्त साडेपाच किलोची चालते आणि हातात धरल्यावर ती वाटते त्याहून जड असते. पहिल्या सहा महिन्यांसाठी ती विकत घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. जवळच्या क्लबात महिनाभर क्लबच्या रायफलीवर शिका. दस्ता किती लांब हवा, उजवा डोळा चालतो की डावा, हे तिथे कळतं आणि मगच पैसे घालायला अर्थ येतो.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिमीच्या (०.१७७ इंच) वर गेला किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर गेली तर एअर रायफलीलाही परवाना लागतो. मॅचचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास जातो. गणित मांडलं तर आठ ज्यूल भरतात, म्हणजे मर्यादेच्या बरंच खाली. ५.५ मिमीची, ‘बावीस’ म्हणून विकली जाणारी रायफल मात्र या हिशोबात बसत नाही. दुकानदार तुमचं ओळखपत्र घेईल, घेऊ द्या. पावती रायफलीच्या केसमध्येच ठेवा आणि बाहेर नेताना रायफल बंद केसमधूनच न्या. रिक्षात उघडी धरून बसायची ही वस्तू नाही.

घरात लहान मुलं असतील तर रायफल कुलपात आणि छर्रे दुसऱ्या कपाटात. नळीत नेहमी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे आरपार जाणारी रंगीत नायलॉनची दोरी. ती दोन्ही टोकांना दिसली की नळी रिकामी आहे हे खोलीतल्या कोणालाही लांबून कळतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार यासाठी छान चालते.

टार्गेट आणि थोडं गणित

१० मीटरच्या टार्गेटवर जे काळं वर्तुळ दिसतं ते ३०.५ मिमी व्यासाचं, साधारण दोन रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. छर्रा ४.५ मिमीचा असल्यामुळे त्याची कड या ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात; म्हणजे छर्‍याचं केंद्र मधल्या बिंदूपासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. तिथून आत, मध्याकडे, दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण वाढत जातो, १०.९ पर्यंत.

जागा कमी असेल तर टार्गेट त्याच प्रमाणात लहान छापा. सूत्र सोपं: ३०.५ ला तुमच्या अंतराने गुणा, १० ने भागा. ५ मीटरला काळं वर्तुळ सव्वापंधरा मिमी, ४ मीटरला १२.२, ३ मीटरला ९.१५. साइटमधून, म्हणजे रायफलीवरच्या नेम धरायच्या भोकातून, ते अगदी १० मीटरवरच्यासारखंच दिसतं.

गुणांच्या बाबतीत मात्र हे टार्गेट खोटं बोलतं. कागद निम्मा होतो, छर्रा निम्मा होत नाही. ५ मीटरवर छर्‍याचं केंद्र २.३७ मिमी चुकलं तरी छापील ठिपक्याला कड लागते आणि तुम्ही खुशाल दहा लिहिता. तोच नेम १० मीटरवर पावणेपाच मिमी चुकला असता आणि ९.१ मिळाले असते. घरात सहाशेपैकी पाचशे ऐंशी मारणारे रेंजवर गेल्यावर गार का पडतात, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. म्हणून लहान टार्गेटवर गुण मोजूच नका, ग्रुप मोजा. पाच छर्रे मारा, सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं केंद्रापासून केंद्रापर्यंत अंतर पट्टीने घ्या आणि वहीत लिहा.

रायफल उचलण्याआधी

कोणता डोळा बलवान ते तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर दिसतं तो तुमचा. नेम धरताना दुसरा डोळा मिटायचा नाही. त्याने चेहरा आवळला जातो आणि चालता डोळाही दमतो. चष्म्याच्या त्या काचेवर किंवा मागच्या साइटला पांढऱ्या कार्डाची दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी लावा. तो डोळा उघडा राहतो, फक्त त्याला टार्गेट दिसत नाही.

आता उभं राहणं. यात घाई करू नका, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावी कूस टार्गेटकडे करून आडवं उभं राहायचं. पाय खांद्याएवढे रुंद, गुडघे सरळ पण ताठरलेले नाहीत, सपाट तळाचे बूट. डावा नितंब किंचित टार्गेटकडे सरकवा आणि डाव्या हाताचं कोपर त्याच्यावर किंवा बरगडीवर टेकवा. रायफलीचं वजन हाडांवरून खाली जमिनीत जायला हवं. दंडाचे स्नायू ते पेलायला लागले की पंधराव्या शॉटला थरथर सुरू होते. पाणी भरलेली घागर बायका कमरेवर टेकवतात, दंडावर तोलत नाहीत, तेच तत्त्व. मान रायफलीकडे वाकवू नका, रायफल चेहऱ्याकडे आणा. गाल दस्त्यावर दरवेळी एकाच जागी.

मग नैसर्गिक रोख तपासा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. रायफल टार्गेटच्या डावीकडे बघत असेल तर तिला हाताने उजवीकडे ढकलायचं नाही. मागचा पाय एखादा सेंटिमीटर सरकवा, परत डोळे मिटा, परत बघा. डोळे उघडल्यावर टार्गेट आपोआप समोर यायला लागलं की त्या जागी फरशीवर खडूने दोन्ही पायांच्या खुणा करा. घरच्या सरावाचा हा मोठा फायदा. रेंजवर रोज वेगळी लेन मिळते, इथे फरशी तीच असते. (आमच्याकडे खडू दोन दिवसांत पुसला जायचा. आता फरशीवर मास्किंग टेप आहे आणि पाहुणे तिच्याबद्दल विचारतात.)

साइटमध्ये एकात एक वर्तुळं बघायची: मागच्या साइटचं भोक, त्यात पुढच्या साइटची कडी, तिच्यात काळं टार्गेट. लक्ष पुढच्या कडीवर. टार्गेट थोडं धूसर दिसलं तर दिसू द्या. दोन साइट्समध्ये साधारण ८० सेंमी अंतर असतं, त्यामुळे तिथली दशांश मिलिमीटरची चूक १० मीटरवर सव्वा मिलिमीटर होते, म्हणजे अर्धा गुण गेला. उघड्या साइटच्या रायफलीवर नळीच्या टोकाची उभी खूण, जिला आपल्याकडे अजून ‘माशी’ म्हणतात, ती मागच्या खाचेत मधोमध आणि वरच्या कडेला समपातळीत ठेवायची आणि काळं वर्तुळ तिच्या टोकावर अलगद ठेवल्यासारखं धरायचं.

श्वास सोडता सोडता रायफल टार्गेटवर वरून खाली उतरू द्या, श्वास थोडा उरलेला असताना थांबा. त्यानंतर सहा ते आठ सेकंद मिळतात. ट्रिगरचा पहिला टप्पा आधीच घेऊन ठेवा, दुसऱ्यावर दाब वाढवत न्या. आठ सेकंदांत सुटला नाही तर रायफल खाली घ्या. सुरुवातीला सगळ्यात जड जातं ते हेच, कारण हात म्हणतो ‘आता सोडूनच टाक’. आणि सुटल्यावरही दोन सेकंद तसंच राहा, साइटमधून बघत. छर्रा कुठे लागला असेल ते कागद न बघता मोठ्याने बोला: ‘तीन वाजता, नऊ’, म्हणजे घड्याळात तीन असतात त्या बाजूला, नऊ गुण. मग बघा. तुमचं बोलणं आणि कागदावरचं भोक जुळायला लागलं की समजा, डोळा जागा झाला.

एक तास कसा घालवायचा

पहिली दहा मिनिटं रायफल रिकामी. उचला, नेम धरा, वीस सेकंद धरून ठेवा, खाली ठेवा, अर्धा मिनिट थांबा. याला होल्डिंग म्हणतात.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता पूर्ण शॉट: श्वास, नेम, ट्रिगर, दोन सेकंद थांबणं. मॅचच्या रायफलीत यासाठी वेगळी सोय असते. स्प्रिंगच्या रायफलीवर हे कधीही करायचं नाही. पुढे छर्रा नसला की पिस्टनला हवेची उशी मिळत नाही, तो धाडकन आपटतो आणि सील फाटतं. स्प्रिंगवाल्यांनी नुसतं होल्डिंग वाढवावं. २०२० च्या टाळेबंदीत रेंज बंद होत्या तेव्हा देशातले पहिल्या फळीचे नेमबाजही घरच्या भिंतीसमोर हेच करत होते. काहींकडे नळीची हालचाल संगणकावर दाखवणारं स्कॅट यंत्र होतं, एवढाच फरक.

उरलेल्या वेळात वीस छर्रे, त्याहून जास्त नाही. त्यातले पहिले दहा टार्गेट उलटं लावून कोऱ्या पांढऱ्या कागदावर. काळं वर्तुळ नसलं की गुणांची हाव राहत नाही आणि ट्रिगरवरचं बोट कसं वागतं ते कळतं. राहिलेले दहा काळ्यावर, पाच-पाचचे दोन ग्रुप. साइटचे स्क्रू पाच छर्‍यांचा ग्रुप बघूनच फिरवा, एका छर्‍यावरून नाही. कोणत्या बाजूला फिरवलं की ग्रुप कुठे जातो ते रायफलीगणिक बदलतं, म्हणून एकदा दहा क्लिक फिरवून बघा आणि वहीत चित्र काढून ठेवा. ५ मीटरवर जुळवलेली साइट १० मीटरला लागत नाही. दोन्हींचे क्लिक वेगळे लिहा.

आठवड्यात असे चार दिवस पुष्कळ झाले. पाठीचा खालचा भाग दुखायला लागला तर त्या दिवशी थांबा. रायफल तोलताना मागे झुकण्याने तो ताण येतो. नेमबाजीच्या जाकीट-पँटचा जाड जामानिमा लगेच नको. त्याच्या आधाराशिवाय तीन-चार महिने उभं राहिलात तर पाठ आणि पोट स्वतः काम करायला शिकतात.

छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरायचे नाहीत, सराव करताना चहा-बिस्कीट नाही, संपल्यावर साबणाने हात. पेटीभोवतीची धूळ केरसुणीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं स्वयंपाकघरात नेऊ नका. साठलेलं शिसं बंद डब्यात ठेवून भंगारवाल्याला द्या.

रेंजवर कधी जायचं

खरं तर पहिल्या दिवसापासून, पंधरा दिवसांतून एकदा तरी. घरी एखादी चूक हजार वेळा गिरवली की ती पक्की होते, आणि ती तुम्हाला स्वतःला दिसत नाही. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात आहे, पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे. कोल्हापूरबद्दल काय सांगावं; तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, सगळे त्याच जिल्ह्यातले. एअर रायफलमध्ये २०२२ ला कैरोत जगज्जेता झालेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा.

स्पर्धेत ६० शॉट असतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यांना ७५ मिनिटं मिळतात. त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि साइट जुळवायला. प्रत्येकी १०.९ धरून जास्तीत जास्त ६५४. सुरुवात राज्य स्पर्धेपासून होते, जी कॅप्टन एस. जे. इझिकेल यांच्या नावाने भरते, आणि पुढे मावळंकर स्पर्धा. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये त्यांनीच उभी केली, हे रेंजवरच्या निम्म्या पोरांना ठाऊक नसतं.

पहिल्यांदा जाताना वही, सेफ्टी फ्लॅग आणि घरचाच छर्‍यांचा डबा न्या. ब्रँड बदलला की ग्रुपही सरकतो. पहिले दहा शॉट साइट जुळवण्यात जातील. घरी पायांच्या खुणांमधलं अंतर किती होतं ते सेंटिमीटरमध्ये मोजून लिहिलेलं असेल तर तिथे उभं राहायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. मी ते लिहायला विसरलो होतो आणि अर्धा तास पाय सरकवत बसलो.